शांत, जुनं उपनगर म्हणजे नक्की काय? (रायबंदर, गोवा)

भरतीओहोटी
पणजी आणि जुनं गोवं यांच्या मधोमध, मांडवीच्या काठाला रायबंदर आहे. पणजीच्याच महापालिकेत येतं, पण पणजीसारखं वाटत नाही. पणजीतल्या फोंतेन्यश या जुन्या वस्तीत आता दर दुसऱ्या दारापुढे कुणीतरी फोटोसाठी उभं असतं, रायबंदरला ते लोण अजून पोचलेलं नाही. म्हणून माझं मत असं की गोव्यात शांत आणि जुन्या वस्तीत राहायचं तर ही जागा सगळ्यात बरी.

पण मत आणि माहिती यात फरक असतो. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे बाल्कांव (दाराशी बसायचा ओटा), अशी दोन-तीन घरं भाड्याला आहेत आणि एक विकाऊ. दलालाला विचारलं तर "एकदम पीसफुल, हेरिटेज" याच्या पलीकडे गाडी जात नाही. तिथली घरं, रस्ता, पाऊस, कागदपत्रं यातलं ज्यांना नीट ठाऊक आहे त्यांनी लिहा. कौतुक नको, खाचाखोचा हव्यात.

सदाशिवपेठी
शांत आणि जुनं हवं असेल तर इतक्या लांब कशाला? आमच्याकडे दुपारी एक ते चार या.

खाजन
रायबंदर शांत का आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे ते कुठे शांत नाही हेही कळेल.

एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला टेकडी आणि मधे एक चिंचोळी पट्टी. गाव वाढायला जागाच नाही. जुन्या गोव्यात साथींनी माणसं टिकेनात तेव्हा बडी घराणी नदीच्या खालच्या अंगाला सरकली, आधी पाणेली, रायबंदर, मग पणजी. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली आणि रायबंदर मधल्यामधे राहिलं. पणजीकडून येणारा लांब बांध, ज्याच्या एका अंगाला मिठागरं दिसतात, तो त्याच्याही आधीचा. व्हाइसरॉय लिन्यारिसच्या काळात, १६३३-३४ साली बांधलेला, सुमारे तीन किलोमीटर. वाहनं आजही त्याच्यावरून जातात.

पुढे फोंड्याकडची मोठी रहदारी कदंब पठारावरच्या हमरस्त्याने वळली. रायबंदरची शांतता ती या वळणाची. गावातला रस्ता मात्र तोच जुना, अरुंद, बहुतेक ठिकाणी पदपथ नाही आणि घराची पायरी थेट डांबरावर. त्यामुळे घर बघताना पहिला प्रश्न हा की ते रस्त्याच्या नदीकडच्या अंगाला आहे, टेकडीकडच्या अंगाला आहे की वरच्या वाड्यात. तिन्हींचे त्रास वेगळे. नदीकडच्याला खारी ओल आणि किनारा नियमन. टेकडीकडच्याला पावसात मागून झिरपणारं पाणी. वरच्याला चढ आणि गाडी लावायची पंचाईत.

बार्जचाभोंगा
नदीकडचं घर घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की मांडवी म्हणजे तळं नव्हे. खनिजाची वाहतूक चालू असेल त्या हंगामात बार्ज जातात आणि त्या भरतीची वेळ बघून जातात, तुमच्या झोपेची नव्हे. आवाज मोठा नसतो, पण इंजिनाची घरघर पाण्यावरून लांबवर येते. पावसाळ्यात हे बंद.

चिरेबंदी
मी फक्त भिंतींबद्दल लिहितो, कारण घर आवडतं ते बाल्कांव बघून आणि पश्चात्ताप होतो तो भिंतीमुळे.

जांभा सच्छिद्र. चिरा जमिनीतलं पाणी वर ओढतो, पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागाशी साचून फुगतात. त्याला आपण लोणा म्हणतो. रंगाचे पोपडे, मग गिलावा, मग चिऱ्याची भुकटी असा त्याचा क्रम. जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत असेल तर त्यात नवल नाही, नदीकाठी ते असणारच. चार फुटांवर गेलं असेल तर बहुतेक वेळा कुणीतरी शहाणपणा केलेला असतो. हा शहाणपणा तीन प्रकारचा.

एक, खालच्या तीन-चार फुटांना सिमेंटचा गिलावा. सिमेंटमधून वाफ नीट बाहेर पडत नाही, म्हणून पाणी जिथे गिलावा संपतो तिथपर्यंत चढतं. दोन, प्लास्टिक रंग किंवा "वॉटरप्रूफ" लेप, परिणाम तोच. तीन, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही, जुनी मातीची किंवा लाद्यांची जमीन काढून त्यावर काँक्रीट आणि व्हिट्रिफाइड टाइल. आधी जमीनभर पसरून सुकणारी ओल आता कुठे जाणार? कडेच्या भिंतींत.

उपाय कंटाळवाणा आहे. ओलीची रेषा दिसते तिच्याही फूटभर वरपर्यंत सिमेंटचा गिलावा छिन्नीने उतरवायचा. जोर लावून नाही, चिऱ्याची कातडी निघाली तर आतला चिरा आणखी भुसभुशीत असतो. आलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर टाकायचे. पाण्याने धुवायचे नाहीत, धुतलं की विरघळून परत आत. मग एक उन्हाळा भिंत उघडी ठेवायची. त्यानंतर चुन्याचा गिलावा, भिजवून निदान तीन आठवडे पाण्याखाली ठेवलेला चुना एक भाग आणि गोडी वाळू तीन भाग. वाळू खाडीची असली की सगळं मुसळ केरात. थर ८ ते १० मिलिमीटरचा, दोन थरांत काही दिवसांचं अंतर, आणि प्रत्येक थर आठवडाभर शिंपडून ओलसर ठेवायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. वर चुन्याचीच सफेदी.

हा गिलावाही सात-आठ वर्षांत खराब होईल. व्हायलाच हवा. क्षार त्याने खायचे म्हणजे चिरा वाचतो. गिलावा नवा लावता येतो.

निवृत्त_ओव्हरसियर
चिरेबंदी, बाकी पटलं. पण आता भिंतीत भोकं पाडून रसायन भरतात, ओल वर चढतच नाही. त्याचा विचार का नको?

चिरेबंदी
विटेच्या भिंतीत, जिथे सांधे सरळ आडवे असतात, तिथे ते काम करतं. जुन्या घरात भिंत दीड ते दोन फूट जाड, दोन्ही बाजूंनी चिरा आणि पोटात बरेचदा माती नि कपच्या. दर १०-१२ सेंटिमीटरवर भोक पाडलं तरी रसायन कुठल्या पोकळीत उतरलं ते कळत नाही. शिवाय वर चढलेले क्षार भिंतीतच राहतात आणि पावसाळी हवेतली दमटी ओढत राहतात. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी पागोळीच्या जागी चर काढा. वळचणीवरून पडणारं पाणी आपटून भिंतीचा पाया सतत भिजवतं. फूटभर रुंद, फूटभर खोल चर, तळाला उतार आणि वर गोटे. बऱ्याच घरांत बरीचशी ओल एवढ्यानेच उतरते.

निवृत्त_ओव्हरसियर
चर मान्य. रसायनाबद्दल मात्र माझं मत राखून ठेवतो. अलीकडे ती क्रीमच्या रूपात येतात, पूर्वीसारखी वाहून जात नाहीत.

आढंवासे
आता वर बघा.

मंगलोरी कौल साधारण ४१ बाय २३ सेंटिमीटरचं, वजन अडीच किलोच्या आसपास. शंभर चौरस फूट पाख्याला (छपराच्या एका उताराला) १४० ते १५० कौलं लागतात, म्हणजे साडेतीनशे किलो, भिजल्यावर त्याहून जास्त. हे वजन वाशांवर आणि वासे आढ्यावर आणि भिंतीवरच्या पाटईवर. म्हणून कौलं मोजण्याआधी वाशाचं भिंतीतलं टोक बघा. वाळवी आणि कूज दोन्ही तिथूनच सुरू होतात, कारण ते टोक चिऱ्यात गाडलेलं, ओल धरणारं आणि डोळ्यांना न दिसणारं. स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. अर्ध्या इंचाहून जास्त सहज आत गेला तर वासा बदलायचा. ओळखीच्या सुताराला न्या, घरमालकाच्या सुताराला नको.

शाकारणी दरवर्षी. एप्रिलपासून मेच्या मध्यापर्यंत उरकायची, त्यानंतर वळवाचा भरवसा नाही आणि माणसं मिळत नाहीत. कौलं खाली उतरवून शेवाळ सुक्या ब्रशने काढायचं. प्रत्येक कौल बोटाने वाजवून बघायचं. टणटण वाजलं तर चांगलं, भद्द आवाज आला तर बारीक तडा आहे, डोळ्यांना दिसत नसला तरी. रिपांवरची (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्यांवरची) धूळ आणि वाळलेली पानं झाडायची, कारण गळती बहुतेक वेळा फुटक्या कौलामुळे नसते. खाचेत पानांचा चुरा बसतो आणि पाणी उलटं चढतं म्हणून गळतं.

सगळ्यात मोठी चूक बदली कौलांची. प्रत्येक कारखान्याच्या साच्याची खाच वेगळी. जुन्या घरावर बासेल मिशनचं कौल असेल (मंगळुरातला त्यांचा कारखाना १८६५ चा, शिक्का मागच्या बाजूला असतो) आणि मधेच तुम्ही आजचं नवं कौल घुसवलंत, तर दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. वरून सगळं छान दिसतं आणि जुलैत नेमकं तिथेच टपटप. यावर जुन्या गवंड्यांची युक्ती अशी की दोन्ही पाखी उतरवायची, शाबूत जुनी कौलं सगळी एका पाख्यावर घ्यायची आणि दुसरं पाखं पूर्ण नव्या, एकाच कारखान्याच्या मालाचं करायचं. पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते, तेव्हा नवा माल त्या बाजूला. रिपांचं अंतर नवं कौल हातात घेऊन ठरवा. जुन्या अंतरावर नवी कौलं चढवली की खालची ओळ लोंबते.

कोकणकन्या_लेट
"भद्द आवाज" वाचून एकदम समजलं. दोन पानी माहितीपत्रकात एवढं कळलं नसतं.

फ्लॅटवाला
इतका उपद्व्याप कशाला? कौलांखाली पत्रे टाकायचे, गळती संपली. आता सगळे तेच करतात.

आढंवासे
टाकतात, खरं आहे. पण पत्रा थेट रिपांखाली चिकटवला तर हवा खेळायची जागा बंद होते, पत्र्याच्या खालच्या बाजूला दव धरतं आणि ते पाणी वाशांवर पडतं. पाऊस गळत नाही पण लाकूड कुजतं, आणि पत्रा असल्यामुळे ते दिसत नाही. टाकायचाच असेल तर वाशांवर उभ्या पट्ट्या मारून दोन इंचांची पोकळी ठेवा, वळचणीला आणि आढ्याला ती उघडी ठेवा, उंदरांसाठी जाळी लावा. याहून मला पूर्वीची पद्धत जास्त आवडते, बाहेरच्या कौलांखाली चपट्या कौलांचा दुसरा थर. महाग पडतो आणि वजन वाढतं, हे खरं.

सदाशिवपेठी
एक बावळट प्रश्न. छपरावर पाण्याची टाकी कुठे ठेवतात?

आढंवासे
बावळट अजिबात नाही. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. कौलारू छपरावर ठेवत नाहीत. मागच्या अंगणात लोखंडी किंवा काँक्रीटचा मनोरा लागतो, किंवा मागच्या नव्या बांधकामाच्या स्लॅबवर. बघायला गेलात आणि माळ्यावर टाकी दिसली तर तिच्याखालची तुळई बघा. वाकलेली असणारच.

भरतीओहोटी
हे सोनं आहे. कागदपत्रांबद्दल कुणी लिहील का? विकाऊ घराचे मालक सात भावंडं आहेत म्हणे, तिघं परदेशात.

दस्तऐवज
सात नव्हे, चौदा म्हणा.

गोव्यात नागरी कायदा पोर्तुगीज काळापासून चालत आलेला आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणजे सात भावंडांतल्या प्रत्येकाच्या जोडीदाराचीही विक्रीखतावर सही लागते. कुणी वारलं असेल तर त्याचे वारस आणि त्यांचे जोडीदार. आईवडिलांच्या नावावर घर असेल आणि वाटणी झाली नसेल तर आधी इन्व्हेंटरी, म्हणजे न्यायालयातून वारस आणि हिस्से ठरवून घेणं. आता हे २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्याखाली चालतं. "भाऊ पॉवर ऑफ अॅटर्नी पाठवेल" हे ऐकलं की ती परदेशातल्या वकिलातीत साक्षांकित आणि इथे मुद्रांकित आहे का, आणि तिच्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का ते वाचा. बऱ्याच फक्त "देखभाली"च्या असतात.

कागद मागताना असे मागा. रायबंदर शहर सर्वेक्षणात येतं, तेव्हा सात-बारा किंवा एक-चौदा (गोव्यातला ग्रामीण जमिनीचा उतारा) मागून उपयोग नाही. फॉर्म डी मागायचा, त्यावर पी. टी. शीट नंबर आणि चलता नंबर असतो. त्याच्या जोडीला जुन्या जमीन-नोंदणीतला उतारा, तो पोर्तुगीजमध्ये असतो. तिसवाडीला (रायबंदरचा तालुका) त्यात इल्हास म्हटलेलं असतं, दचकू नका. चतु:सीमा पोर्तुगीज उताऱ्यात एक आणि शहर सर्वेक्षणात दुसरी असं सर्रास आढळतं. दोन्ही जुळत असल्याचं सर्व्हेअरकडून जागेवर मोजून घ्या.

आणखी एक. मागच्या आवारात एखादं छोटं घर आहे का, त्यात कोण राहतं, किती वर्षं? मुंडकार (मालकाच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणारा) असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. विक्रीने तो हक्क मोडत नाही. दलाल त्यांना "केअरटेकर" म्हणतो.

खाजन
नदीकडच्या घरांसाठी पुस्ती. मांडवी भरतीची नदी असल्याने किनारा नियमन क्षेत्र लागतं. २०११ च्या अधिसूचनेत ते भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा नदीची रुंदी, यातलं जे कमी ते. २०१९ च्या अधिसूचनेत हे अंतर ५० मीटरवर आलं, पण त्यानुसारचा किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावरच ते लागू होतं. मुद्दा असा की आतली दुरुस्ती वेगळी आणि मागे बाथरूम वाढवणं वेगळं. आधीच्या मालकाने नदीच्या बाजूला काही वाढवलं असेल तर त्याची परवानगी कागदावर बघा. घर संवर्धन क्षेत्रात येतं का हे झोनिंगच्या दाखल्यावर कळेल, तो काढायला वेळ लागत नाही.

फ्लॅटवाला
एवढं सगळं वाचून मला माझा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट अचानक आवडायला लागला.

शिंपली
विषय थोडा बाजूला नेते. घराच्या खिडक्यांना शिंपल्यांचे तुकडे असतील तर ते काढून काच बसवू नका, प्लीज. पातळ, चपटे, दुधी शिंपले लाकडी पट्ट्यांच्या खोबणीत सरकवलेले असतात. ऊन गाळून येतं, डोळ्यांवर येत नाही. हे शिंपले आता वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत, तेव्हा नवे बाजारातून आणायचा विचार सोडा. एखादा फुटला तर त्याच घरातल्या कमी दिसणाऱ्या खिडकीतून काढून पुढे लावतात आणि मागच्या खिडकीला काच. साफ करताना साबण नको, ओलं करून लगेच पुसलेलं फडकं बास. खोबणीतलं लाकूड फुगलं असेल तर शिंपला ओढू नका, एप्रिलपर्यंत थांबा, लाकूड सुकलं की आपण होऊन सैल होतो.

बार्जचाभोंगा
विषय बाजूला गेलाच आहे तर फोंतेन्यशबद्दलची एक चूक दुरुस्त करून घेतो. तिथल्या ३१ जानेवारी रस्त्याबद्दल गाइड सांगतात की त्या दिवशी पोर्तुगाल स्पेनपासून सुटलं. ते झालं १ डिसेंबर १६४० ला. ३१ जानेवारी म्हणजे १८९१ चं पोर्टो शहरातलं प्रजासत्ताकवाद्यांचं बंड.

सदाशिवपेठी
गाइडला दुरुस्त करणारा माणूस! तुम्ही मूळचे पुण्याचे का?

वायरमन_दादा
विजेबद्दल कुणीच बोललं नाही. जुन्या कौलारू घरात वायरी लाकडी पट्टीवर, कापडी वेष्टणाच्या, आणि अर्थिंग एक तर नाही किंवा नळाला बांधलेलं. नळ आता प्लास्टिकचा झालेला असतो, म्हणजे अर्थिंग हवेत. भाड्याचं घर असलं तरी तीन गोष्टी मालकाकडून करून घ्या: मागच्या अंगणात स्वतंत्र अर्थिंग, मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच), आणि एसी-गिझरला मीटरपासून वेगळी लाइन. भिंतीला ओल असेल तर स्विचबोर्ड भिंतीत गाडू नका, लाकडी ठोकळ्यावर बाहेर ठेवा.

एसीचं गणित सरळ आहे. कौलांतून हवा जाते येते, वर छत नसेल तर एसी मांडवीला थंड करतो. एकच खोली निवडा, तिला लाकडी किंवा जिप्समचं छत घाला, दारं-खिडक्यांच्या फटी बंद करा. बाहेरचं युनिट तांब्याच्या कॉइलचं, गंजरोधक लेपवालं, आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने हलक्या फवाऱ्याने धुवायचं. नदीवरची खारी हवा अॅल्युमिनियमचे पंख दोन-तीन पावसाळ्यांत भुगा करते.

पुस्तकी_कीड
पुस्तकांचं काय? भिंतीला कपाट लावायचं की नाही?

चिरेबंदी
बाहेरच्या भिंतीला अजिबात नाही. आतल्या भिंतीला, तीन-चार इंच सोडून, पायांवर उभं केलेलं, आणि मागची फळी जाळीची किंवा भोकं पाडलेली. जून ते सप्टेंबर दमटपणा बहुतेक वेळ ऐंशी टक्क्यांच्या वर. बंद काचेच्या कपाटात बुरशी लवकर धरते, उघड्यावर उशिरा. चामडी चपला, पट्टे, कॅमेरा हे मात्र उलट, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून. जेल निळ्याचं गुलाबी झालं की मंद आचेवर भाजून परत वापरा. नारिंगी जेल हिरवं होतं, तेही तसंच.

कोकणकन्या_लेट
येण्याजाण्याचं लिहिते. रेल्वेने यायचं तर मडगाव नको, करमळी. जुन्या गोव्याला लागूनच आहे. पणजीच्या स्टँडवरून जुन्या गोव्याची किंवा फोंड्याची बस धरताना "रायबंदरमार्गे की बायपास?" हे विचारूनच चढायचं, नाहीतर पठारावरून थेट पुढे. चोडणला जायला रायबंदरहून फेरी आहे, सालिम अली पक्षी अभयारण्य पलीकडे उतरल्या उतरल्या. दिवाडीसाठी सां पेद्रूची फेरी. ऑगस्टमध्ये दिवाडीला बोंदेरामची जत्रा असते त्या दिवशी आणि ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला गाडी बाहेर काढायचा बेत करू नका. फेस्ताच्या आधी नऊ दिवस नव्हेना (प्रार्थना) असतात, तेव्हा पहाटेपासून पायी जाणारे लोक. दर दहा वर्षांनी या संताचं शवप्रदर्शन असतं, मागचं २०२४-२५ ला झालं, म्हणजे तेवढं दशक निवांत.

फ्लॅटवाला
बाजार? सुपरमार्केट?

कोकणकन्या_लेट
रोजचं सामान, भाजी, मासळी गावात. बाकी सगळं पणजी. आणि रात्री उशिरा काही मागवायची सवय असेल तर ती सवय पणजीतच ठेवून यावी.

भरतीओहोटी
सगळ्यांचे आभार. मग निष्कर्ष असा काढतो की आधी भाड्याने राहायचं आणि एक पावसाळा काढून बघायचा. पण आता फेब्रुवारी आहे. सगळं कोरडं ठणठणीत, नवा रंग, चकाचक. आत्ता बघायला गेलो तर कळणार कसं?

चिरेबंदी
कळतं. नवा रंग कुठपर्यंत आहे ते बघा. भिंतीच्या खालच्या तीन फुटांना ताजा रंग आणि वर जुना, म्हणजे लोणा झाकलाय. पूर्ण भिंत रंगवली असेल तर खाली तळहात टेकवून वरच्या भागाशी तुलना करा, ओल गार लागते. मग नखाने टिचकी मारत वर जा. पोकळ वाजलं की तिथे गिलावा सुटलाय. पलंग, कपाट भिंतीपासून ओढून मागे बघू द्या म्हणावं. नाही म्हणाले तर उत्तर मिळालं.

आढंवासे
छपरासाठी बॅटरी लागत नाही. दुपारी दारं-खिडक्या लावून वर बघा, जिथून उन्हाचे ठिपके येतात तिथून पाऊस येईल. काचेचं कौल सोडून. वाशांवर पांढरट ओघळ असतील तर जुनी गळती, काळे आणि मऊ असतील तर चालू गळती. जमिनीवर बारीक भुशाच्या ढिगल्या दिसल्या तर भुंगा, भिंतीवरून वर गेलेल्या मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. नळी मधे मोडून ठेवा, दोन दिवसांनी परत जा. पुन्हा जोडली गेली असेल तर वाळवी जिवंत आहे.

दस्तऐवज
भाड्याचा करार ११ महिन्यांचा करतात. तो मेमध्ये सुरू करा, ऑक्टोबरमध्ये नाही, म्हणजे पावसाळा सुरुवातीलाच पडतो. शाकारणी कोण करणार आणि कधी, हे करारात लिहून घ्या, "मेजर रिपेअर्स" या शब्दात ते मावत नाही. भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पोलीस ठाण्यात देणं गोव्यात कायद्याने बंधनकारक आहे, मालक टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा. आणि सात भावंडांचं ते घरच आधी भाड्याने घेतलंत तर भाडं सातांतल्या कुणाच्या खात्यात, हेही लिहून घ्या. सहाव्या महिन्यात उरलेले सहा विचारतात.

निवृत्त_ओव्हरसियर
टेकडीकडचं घर असेल तर मागच्या भिंतीमागे उतरून बघा. डोंगराचा काप आणि भिंत यांच्यामध्ये निदान तीन फूट मोकळी जागा आणि त्यात उघडं गटार पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ते मातीने भरून गेलेलं असतं आणि लोक त्यावर केळी लावतात. केळी छान वाढलेली दिसली तर सावध.

शिंपली
भरतीओहोटी, एक राहिलं. बाल्कांवात दोन्ही बाजूंना दगडी बाक असतात, सोपो म्हणतात. संध्याकाळी तिथे बसलात तर येणारा-जाणारा बोलणार. पडदा लावून घ्याल तर लोक समजून घेतील, पण मग फेरी बंद आहे, पाणी येणार नाही, वीज कधी येणार, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही.

भरतीओहोटी
पडदा नाही लावणार. पोदेर, म्हणजे पाववाला, किती वाजता येतो?

बार्जचाभोंगा
सकाळी साडेसहाच्या आसपास आणि संध्याकाळी पुन्हा. सायकलचा भोंगा ऐकू आला की दारात या. घरात पिशवी शोधत बसलात तर तो पुढच्या वळणावर. पावांतली पोयी आधी संपते, उंडो उरतो.